झोपेची गोळी सकाळपर्यंत खरोखर उतरते का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

माझे वडील ७४ वर्षांचे असून सांगलीला एकटेच राहतात. आई गेल्यानंतर त्यांची झोप उडाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी रात्री दहा वाजता क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम सुरू केले. त्याला आता काही वर्षे झाली आणि ती गोळी अजूनही चालूच आहे. मध्यंतरी त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ‘अगदीच झोप लागली नाही तर’ म्हणून झोल्पिडेम १० मिलिग्रॅम लिहून दिले. ही दुसरी गोळी वडील रोज घेत नाहीत, पण घेतात तेव्हा दहाच्या गोळीनंतर बराच वेळ तळमळून, म्हणजे साधारण रात्री एकच्या सुमारास घेतात.

पहाटे साडेपाचला फिरायला जाण्याचा त्यांचा नेम आहे. गेल्या काही महिन्यांत मी सांगलीला गेले की पाहते, सकाळच्या वेळी ते भिंतीचा आधार घेत चालतात, चपला घालताना त्यांचा तोल जातो आणि त्यानंतर तासाभरात ते स्कूटर घेऊन मंडईत जातात. मी काही बोलले तर “गोळी केव्हाच उतरली, मला अगदी ताजेतवाने वाटते” असे त्यांचे ठरलेले उत्तर असते.

मी दोन्ही औषधांची माहितीपत्रके वाचली. झोल्पिडेमची हाफ-लाइफ सुमारे अडीच तास आणि क्लोनाझेपामची ३० ते ४० तास असे त्यांत दिले आहे. यातून मी नेमके काय समजावे? झोल्पिडेम अडीच तासांत संपते, पाच तासांत संपते, की आणखी उशिरा? आणि क्लोनाझेपामला ४० तास लागत असतील आणि गोळी दर २४ तासांनी घेतली जात असेल, तर ते शरीरातून कधी जातच नाही असा अर्थ होतो का? पुढच्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. पुण्याला असलेल्या माझ्या भावाचे म्हणणे असे की दोन्ही गोळ्या आजच बंद कराव्यात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

औषधशाळा यांचे उत्तर

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आहे, रुग्ण तपासणे हे माझे काम नव्हे. त्यामुळे उपचारांविषयी कोणी डॉक्टर लिहितील, मी केवळ आकड्यांचा उलगडा करतो.

औषध किती वेळ परिणाम करते, किती वेळ शरीरात राहते आणि तपासणीत किती दिवस सापडते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि ‘गोळी किती वेळ राहते’ असे विचारताना आपण त्यांची सरमिसळ करतो. हाफ-लाइफ हा आकडा यांपैकी एकाही प्रश्नाचे थेट उत्तर देत नाही. रक्तातले औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, एवढेच तो सांगतो. एक हाफ-लाइफ उलटली की ५० टक्के उरते, दोन उलटल्या की २५, तीन उलटल्या की साडेबारा, आणि पाचव्या हाफ-लाइफनंतर सुमारे ३ टक्के. म्हणून व्यवहारात पाच हाफ-लाइफनंतर औषध गेले असे मानण्याचा प्रघात आहे.

हा हिशेब आपल्या वडिलांना लावून पाहू. झोल्पिडेमची हाफ-लाइफ तरुण माणसांत अडीच तासांच्या आसपास असते, वृद्धांत ती लांबते. माहितीपत्रकातल्या अभ्यासात तरुणांची सरासरी २.२ तास, तर वृद्धांची २.९ तास आढळली होती. हा फरक किरकोळ वाटेल, पण त्याच अभ्यासात वृद्धांच्या रक्तातली औषधाची सर्वोच्च पातळीही सुमारे ५० टक्क्यांनी जास्त भरली होती, म्हणजे सुरुवातच वरून होते आणि उतारही संथ असतो. यकृताचा सिरॉसिस असलेल्यांत तर हीच हाफ-लाइफ दहा तासांच्या घरात जाते. रात्री एक वाजता घेतलेली गोळी पहाटे साडेपाचला मोजली तर साडेचार तास झालेले असतात, म्हणजे दीडच हाफ-लाइफ. शिखरावर जेवढे औषध होते त्याचा किमान एक तृतीयांश भाग ते फिरायला निघतात तेव्हा रक्तात असतो. ‘अडीच तासांची गोळी’ हे विशेषण म्हणून बरे आहे, पण त्यावरून कोणी वेळापत्रक आखू नये.

आता क्लोनाझेपाम. आपली शंका अगदी रास्त आहे. रोज घेत असताना ते शरीरातून पूर्णपणे कधीच जात नाही. हाफ-लाइफ ३६ तास धरली, तर २४ तासांनी आदल्या गोळीतले जवळजवळ ६३ टक्के औषध शिल्लक असते, आणि त्यावर नवी गोळी पडते. असे होत होत आठवडाभरात ही शिल्लक एका पातळीवर स्थिरावते, कारण तेव्हा रोज जितके औषध आत येते तितकेच बाहेर पडू लागते. ती पातळी एका गोळीच्या सुमारे पावणेतीन पट असते. म्हणजे चिठ्ठीवर ०.५ मिलिग्रॅम लिहिलेले असले, तरी रात्री गोळी घेतल्यानंतर वडिलांच्या शरीरात साधारण १.३ ते १.४ मिलिग्रॅम औषध असते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ०.८ मिलिग्रॅमच्या खाली ते उतरत नाही. झोल्पिडेमची गोळी या साठ्यावर येऊन पडते, रिकाम्या शरीरात नव्हे. दोन्ही औषधे मेंदूतल्या गॅबा या संदेशवाहकाच्या एकाच ग्राहीवर, म्हणजे रिसेप्टरवर, काम करतात, त्यामुळे त्यांच्या परिणामांची बेरीज होते.

याच कुळातल्या इतर औषधांचे आकडेही देऊन ठेवतो, कारण घराघरांत ती असतात. ‘पॉइंट टू फाइव्ह’ म्हणून जिची चिठ्ठी फिरते त्या अल्प्राझोलामची हाफ-लाइफ सरासरी ११ तास असते, वृद्धांत १६ च्या पुढे. लोराझेपामची १२ तासांच्या आसपास, नायट्राझेपामची एक दिवसाहून थोडी अधिक. डायझेपामची गोष्ट निराळी आहे. ते स्वतः ४८ तासांपर्यंतची हाफ-लाइफ बाळगते, आणि यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे डेसमिथाइल डायझेपाम तयार होते तेही गुंगी आणणारेच असते व त्याची हाफ-लाइफ १०० तासांपर्यंत जाऊ शकते. डायझेपामबाबत आमच्या वर्गात एक ठोकताळा सांगितला जाई: रुग्णाचे वय जितकी वर्षे, साधारण तितके तास त्याची हाफ-लाइफ. लोराझेपामचा मार्ग याउलट सरळ आहे. यकृतात ते थेट निष्क्रिय होते, मागे सक्रिय अंश सोडत नाही, म्हणून वृद्धांना आणि यकृत कमजोर असलेल्यांना या गटातलेच औषध देणे भाग पडले तर डॉक्टर अनेकदा त्याकडे वळतात.

एक गोष्ट मात्र आकड्यांत मावत नाही. औषध रक्तात असते म्हणजे त्याचा परिणाम तेवढाच असतो असे नाही. डायझेपामची एकच गोळी घेतली तर गुंगी काही तासांत ओसरते, कारण औषध मेंदूतून निघून चरबीत पसरते, शरीराबाहेर मात्र ते गेलेले नसते. उलट वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याला तिची गुंगी जाणवेनाशी होते, कारण झोप आणण्याच्या गुणाची शरीराला लवकर सवय होते. तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि स्मरण यांवरचा परिणाम तितक्या सहज जात नाही. ‘ताजेतवाने वाटते’ हे आपल्या वडिलांचे म्हणणे खोटे नसावे, पण पुरावा म्हणून त्याला किंमत नाही.

रानवाटेचा डॉक्टर यांचे उत्तर

औषधशाळा यांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली एस्झोपिक्लोन या झोपेच्या औषधाचा सुरुवातीचा डोस २ वरून १ मिलिग्रॅमवर आणला. त्यामागच्या अभ्यासात २५ ते ४० वयाची निरोगी माणसे होती. रात्री ३ मिलिग्रॅम घेतल्यावर सकाळी त्यांची वाहन चालवण्याची क्षमता आणि स्मरण कमी झालेले आढळले, हा परिणाम काहींत ११ तासांपर्यंत टिकला, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. चाळिशीच्या आतल्यांची ही अवस्था असेल, तर चौऱ्याहत्तरीच्या गृहस्थाने स्वतःविषयी दिलेल्या ग्वाहीवर स्कूटरची किल्ली हाती देणे मला पटत नाही.

झोल्पिडेमबाबत याच संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये आणखी मोठा निर्णय घेतला होता. रक्तात दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमहून अधिक औषध असेल तर गाडी चालवण्यात धोका वाढतो असे मानून तपासले, तेव्हा १० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रिया आणि ३ टक्के पुरुष त्या पातळीच्या वर होते. म्हणून स्त्रियांसाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा साडेबारावरून सव्वासहावर आणण्यात आला. वृद्धांसाठी, स्त्री असो वा पुरुष, ५ मिलिग्रॅम हाच डोस आधीपासून सांगितलेला आहे. आपल्या वडिलांची गोळी त्याच्या दुप्पट आहे, ती क्लोनाझेपामवर घेतली जाते, आणि वेळही चुकीची आहे. झोल्पिडेम घेतल्यावर पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे असावेत अशी अटच आहे. मध्यरात्र उलटल्यावर हाताशी साडेचार तास असताना ती घेणे म्हणजे त्या अटीकडे डोळेझाक करणे होय. गोळी जेवणावर लगेच घेतली तर परिणाम उशिरा सुरू होतो, हेही लक्षात असू द्यावे.

मला यात सर्वांत मोठा दोष वडिलांचा दिसत नाही. दोन डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही, हे आपल्याकडे नित्याचे झाले आहे. मार्च २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर जादा निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नावानिशी वेगळ्या वहीत करायची असते आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. पण त्या वहीवरून दोन औषधे एकत्र होत आहेत हे कोणी डॉक्टरांना कळवत नाही. ते काम घरच्या माणसालाच करावे लागते.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. दोन्ही गोळ्या आजच बंद करू नयेत, हे मी निक्षून सांगतो. क्लोनाझेपाम वर्षानुवर्षे घेतल्यावर एकदम थांबवले, तर अस्वस्थता, घाम, हातांचा थरकाप आणि क्वचित आकडी येण्यापर्यंत मजल जाते. इथे हाफ-लाइफ फसवते. कमी हाफ-लाइफच्या औषधाचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पण क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम सावकाश उतरत असल्याने पहिले काही दिवस बरे जातात, ‘बघा, काही झाले नाही’ असे सगळे म्हणतात, आणि त्यानंतर झोप पार उडते. मग लोक समजतात की मूळचा निद्रानाश उसळला, आणि गोळी पुन्हा सुरू होते, बहुधा मोठ्या डोसने. हे औषध कमी करायचेच झाले तर आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने, थोडे थोडे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावे लागते, त्याला महिने लागू शकतात. मध्यरात्रीचे झोल्पिडेम हे मात्र सर्वांत आधी चर्चेला घ्यावे असे माझे मत आहे, कारण पडण्याचा तातडीचा धोका तिथे आहे. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय असते, ते इथे वेगळे सांगायला नको.

तोपर्यंत पहाटेचे फिरणे उजाडल्यावर ठेवावे, स्कूटर बंद ठेवावी, आणि रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा.

मोतीबिंदूबाबत: दोन्ही गोळ्यांची नावे, डोस आणि घेण्याची वेळ शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना व भूलतज्ज्ञांना लेखी द्यावी. ही शस्त्रक्रिया बहुधा डोळ्यापुरती भूल देऊन होते, पण रुग्ण शांत राहावा म्हणून कधी कधी सोबत गुंगीचे औषधही देतात, आणि ते आधीच्या साठ्यावर पडते. आदल्या रात्री गोळी घ्यायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्यावे.

दर्यावर्दी रत्नागिरी यांची विचारणा

विषयाला धरूनच एक उपप्रश्न विचारतो. मी व्यापारी जहाजावर काम करतो. सुट्टीत घरी आल्यावर पाळ्यांमुळे बिघडलेली झोप सावरण्यासाठी आमच्यातले काही जण डॉक्टरांकडून डायझेपाम किंवा झोल्पिडेम घेतात. जहाजावर रुजू होण्याआधी लघवीची तपासणी होते आणि तीत बेंझोडायझेपिन गटही (डायझेपाम, क्लोनाझेपाम ज्यात मोडतात तो) असतो. गोळीचा परिणाम एका दिवसात गेला, तरी तपासणीत ती किती दिवस सापडू शकते?

औषधशाळा यांचे उत्तर

मी वर तिसरा प्रश्न म्हणून ज्याचा उल्लेख केला तो हाच. लघवीच्या तपासणीत औषधाचा परिणाम मोजला जात नाही, त्याचे अवशेष शोधले जातात, आणि तेही मूळ औषधापेक्षा यकृतात तयार झालेल्या रूपांतरित पदार्थांच्या स्वरूपात. डायझेपाम काही दिवस घेतले असेल तर आठवड्याहून अधिक काळ, आणि दीर्घकाळ घेतले असेल तर काही आठवडेही त्याचे अवशेष सापडू शकतात. झोल्पिडेम रासायनिकदृष्ट्या बेंझोडायझेपिन नाही, म्हणून त्या गटाच्या प्राथमिक तपासणीत ते सहसा दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते आणि तीतही एक-दोन दिवसांनंतर ते हाती लागणे अवघड असते. क्लोनाझेपामचा अवशेष निराळ्या प्रकारचा असल्याने पुष्कळ प्राथमिक तपासण्यांतून निसटतो. यावरून कोणी पळवाट शोधू नये, कारण पुष्टीसाठी जी सूक्ष्म तपासणी होते तीत हे सारे उघड होते. सरळ मार्ग हाच की चिठ्ठीची प्रत जवळ ठेवावी आणि तपासणीआधीच वैद्यकीय अधिकाऱ्याला औषधाचे नाव सांगावे.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे भावाला वाचून दाखवली आणि गोळ्या एकदम बंद करण्याचा विचार आता मागे पडला आहे. वडिलांच्या डब्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो शेजारच्या काकूंकडून मागवले, तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, सर्दीची म्हणून ते अधूनमधून संध्याकाळी एक गोळी घेतात, तिच्यात क्लोरफेनिरामाइन आहे. दोन, त्यांना बुरशीजन्य त्वचारोगासाठी सध्या इट्राकोनाझोल चालू आहे. यांचा झोपेच्या गोळ्यांशी काही संबंध येतो का? शिवाय भाऊ विचारतो की या सगळ्याऐवजी मेलाटोनिन द्यावे का, कारण त्याची हाफ-लाइफ फारच कमी असल्याचे त्याने वाचले आहे.

औषधशाळा यांचे उत्तर

दोन्हींचा संबंध येतो, आणि फोटो मागवल्याचे चीज झाले म्हणायचे. क्लोरफेनिरामाइन हे जुन्या पिढीतले ॲलर्जीचे औषध, गुंगी आणणारे, आणि त्याची हाफ-लाइफ प्रौढांत २० तासांच्या आसपास असते. सर्दीची गोळी म्हणून लोक तिला हलकी समजतात, पण संध्याकाळी घेतलेल्या त्या गोळीतले अर्ध्याहून अधिक औषध पहाटे तोल सांभाळताना सोबत असते. खाज व झोप या दोन्हींसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सीझिनही याच जातीचे आहे, आणि वृद्धांत त्याची हाफ-लाइफ २९ तासांपर्यंत मोजली गेली आहे.

इट्राकोनाझोल स्वतः गुंगी आणत नाही. पण यकृतातल्या ज्या विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, झोल्पिडेम, क्लोनाझेपाम आणि विशेषतः अल्प्राझोलाम यांचे विघटन होते, त्या विकराचे काम ते रोखते. परिणामी गोळी तीच राहते आणि तिचा मुक्काम वाढतो. अल्प्राझोलाम इट्राकोनाझोलसोबत देऊच नये अशी स्पष्ट सूचना आहे. झोल्पिडेमवरचा परिणाम त्या मानाने सौम्य असतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही असाच अडथळा आणते. क्षयरोगासाठीचे रिफाम्पिसिन नेमके उलट करते: विघटन इतके वाढवते की झोल्पिडेम घेऊनही झोप येत नाही, आणि मग क्षयाचे उपचार संपल्यावर वाढवलेला डोस तसाच राहिला तर तो अचानक जड होतो. त्वचारोगाचे औषध केव्हा सुरू झाले आणि तोल जाणे केव्हा वाढले, या दोन तारखा जुळवून पाहा आणि त्या डॉक्टरांसमोर ठेवा.

रानवाटेचा डॉक्टर यांचे उत्तर

मेलाटोनिनविषयी थोडक्यात लिहितो. त्याची हाफ-लाइफ पाऊण तासाच्या आसपास असते हे खरे, आणि सकाळी त्याचा जडपणा सहसा राहत नाही. पण ते क्लोनाझेपामची जागा घेत नाही, कारण दोघांचे काम वेगळ्या ठिकाणी चालते. क्लोनाझेपाम थांबवून त्याजागी मेलाटोनिन दिले तर अंगाला गोळी सुटल्याचा जो त्रास व्हायचा तो होणारच.

वडिलांची झोप नेमकी कशाने बिघडते, याची चौकशी कोणी केली आहे का, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. दहाला अंथरुणात, एकपर्यंत तळमळ आणि साडेपाचला जाग, हे वेळापत्रक पाहता ते गरजेपेक्षा लवकर आडवे होत असावेत, अशी दाट शंका येते. दुपारी किती वेळ झोपतात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, घोरतात का, आणि आई गेल्यानंतरचे मन अजून जड आहे का, हे सारे विचारून घ्यावे. घोरताना श्वास अडकत असेल तर गुंगीच्या गोळ्या तो त्रास वाढवू शकतात. जुन्या निद्रानाशावर वर्तनाधारित उपचार, म्हणजे झोपण्या-उठण्याच्या वेळा बांधून देणे, झोप येईपर्यंत अंथरुणात न पडणे आणि झोपेविषयीची धास्ती कमी करणे, हे गोळीच्या आधी करून पाहावे असे आज मानले जाते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची तयारी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करून प्राथमिक सल्ला मिळू शकतो.

पुढच्या भेटीला जाताना सगळ्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब आणि सर्दीची ती गोळीसुद्धा एकाच पिशवीत घालून न्या आणि कोणती किती वाजता घेतली जाते हे कागदावर लिहा. भेट सकाळची मिळाली तर उत्तम, कारण डॉक्टरांना त्यांची सकाळची चाल प्रत्यक्ष पाहता येईल.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. दुपारी ते दोन तास झोपतात, हे आजच काकूंकडून कळले. स्कूटरची किल्ली सध्या काकूंच्याच घरी ठेवायला सांगितली आहे. त्यावरून वडील माझ्याशी बोलत नाहीत.

रानवाटेचा डॉक्टर यांचे उत्तर

दुपारचे दोन तास हाही त्या कागदावर लिहा.